पोथीचे स्थलांतर

संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून कामे करणाऱ्या माणसांकडे आम्ही दोघी आजवर मांत्रिकाकडे पाहावे तशा आदरयुक्त भीतीने पाहत आलो. मराठीच्या प्राध्यापिकांना त्या पडद्याशी काय कर्तव्य? पण तो आमच्यापुढे उघडला गेला, आणि पाठचिकित्सेचा जो धडा वर्षानुवर्षे वर्गात शिकवला तो आम्हांलाच पुन्हा गिरवावा लागला. त्याची ही हकिकत.

आमच्या विभागाने २०१४ पासून विद्यार्थ्यांकरवी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्या 'मोंगोडीबी'त ठेवल्या. २००९ साली प्रथम उपलब्ध झालेला हा डेटाबेस 'नोएसक्यूएल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथातला. नेहमीच्या डेटाबेसमध्ये आधी रकाने आखावे लागतात आणि मजकुराने त्यांत मुकाट्याने बसायचे असते. इथे प्रत्येक नोंद आपापल्या आकाराची असू शकते. एका ओवीला गाणारीचे नाव आणि गाव, दुसरीला तीन पाठभेद, तिसरीला नुसतीच टीप, की इथे आजी थांबल्या. लोकवाङ्मयाला हा मोकळेपणा मानवला.

गेल्या वर्षी, ज्या सेवेवर हा संग्रह ठेवला होता ती बंद होणार असल्याची सूचना आली. महिनाभराची मुदत होती. विद्यार्थी तोवर नोकरीनिमित्त परगावी गेलेला. दूरध्वनीवरून सांगत होता. आम्ही हट्टाने म्हटले, आम्हांला उघडता येईल असा साधा तक्ता दे. त्यासाठी 'मोंगोएक्स्पोर्ट' हे साधन आहे. तक्ता हवा तर कोणते रकाने हवेत ते मात्र आपणच सांगायचे. आम्ही आठवून आठ नावे दिली. तीन हजारांहून अधिक ओळी आल्या. आम्ही समाधानाने चहा घेतला.

मग सहज एक ओवी शोधली. ती गाणाऱ्या आजी आता हयात नाहीत. पहिल्यांदा त्यांनी ती भावाला उद्देशून गायली होती. घटकाभराने पुन्हा गाताना तीच ओवी त्यांनी लेकीकडे वळवली. तक्त्यात भाऊ होता, लेक नव्हती. नोंद करणाऱ्या मुलीने दुसरा पाठ 'पुन्हा गायल्या तेव्हा' अशा स्वतःच्या मथळ्याखाली लिहिला होता. तो मथळा आमच्या आठांत नव्हता. यंत्राचे काहीच चुकले नव्हते; विचारले तेवढेच त्याने दिले. आधीच्या संपादकांनी स्त्रियांचे पाठ गाळले म्हणून आम्ही लेख लिहिले आहेत. तोच प्रकार एका दुपारी आमच्या हातून झाला होता.

विद्यार्थ्याने मग 'मोंगोडम्प' चालवायला लावले. हे साधन रकाने विचारत नाही. नोंद जशी आहे तशी, डेटाबेसच्या आपल्या 'बीसन' या रूपात उचलते आणि 'डम्प' नावाच्या फोल्डरात प्रत्येक संग्रहाची एकेक फाइल ठेवते. शेजारी एक छोटी फाइल असते, तीत सूचींची व्याख्या. सूची स्वतः प्रवास करत नाही; नव्या जागी ती नव्याने रचली जाते. नव्या आवृत्तीत पृष्ठांक बदलतात, तेव्हा शब्दसूची पुन्हाच करावी लागते, तसे हे.

पुढची ठेच 'मोंगोरिस्टोअर'ने दिली. नव्या जागी आम्ही आधी एक चाचणीची प्रत ठेवली होती. नंतर मूळ संग्रहात काही गावांची नावे दुरुस्त केली, पुन्हा प्रत घेतली आणि वर ओतली. नोंदींची संख्या जुळली. दुरुस्त्या मात्र पोहोचल्या नाहीत. त्याच ओळखक्रमांकाची नोंद आधीपासून असेल तर हे साधन तिला हात लावत नाही. तसे पडद्यावर उमटतही होते. आम्ही वाचले नाही. जुने काढून नवे घालायचे तर 'ड्रॉप' असे स्पष्ट सांगावे लागते. त्या शब्दाने आमचा हात अडला. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांपुढे कोणता पाठ ठेवावा हा प्रश्न होता. टाकलेला पाठ निदान दुसऱ्या कुणाच्या पोथीत उरत असे. इथे दुसरी पोथी नव्हती. म्हणून ती प्रत आधी वेगळ्या नावाने उघडली, आजींची ओवी दोन्ही पाठांसह पाहिली, आणि मगच 'ड्रॉप' म्हटले.

नोंदीचा ओळखक्रमांक या प्रवासात बदलत नाही. त्याच्या १२ बाइटांपैकी पहिल्या ४ बाइटांत ती नोंद निर्माण झाल्याची वेळ असते. विद्यार्थ्याने आजींच्या नोंदीची वेळ काढून दाखवली: २०१६ मधली एक रात्र, पावणेबारा. गावाहून परतल्यावर त्या मुलीने त्याच रात्री ओवी उतरवली असावी. आम्ही तिला त्या वेळी अंतर्गत मूल्यमापनात बेताचेच गुण दिले होते.

आता प्रती दोन ठिकाणी आहेत. दर सत्रारंभी त्यांतली एक उघडून पाहायची, असे ठरवले आहे. पाठचिकित्सेच्या तासाला हे काम आम्ही विद्यार्थ्यांसमोरच करतो, आणि तो आठ रकान्यांचा तक्ताही दाखवतो.