बाबांचा लास्ट डे

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे "मराठी विभागासाठी काहीतरी दे" म्हटल्यावर मी चक्क कँटीनमधून पळ काढला होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. हा लेख मी आधी इंग्रजीत लिहायला घेतला होता. पण दोन ओळींतच अडकले, कारण यातली सगळी वाक्यं बाबा मराठीत बोललेत.

माझे बाबा २०२५ साली रिटायर झाले. एका बूट बनवणाऱ्या कंपनीतून, ३७ वर्षांनी.

आम्ही खडकीत राहतो. खडकीत नुसतं 'फॅक्टरी' म्हटलं की अम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. आमच्या बिल्डिंगमध्ये दर दुसऱ्या घरात कोणीतरी तिथे आहे नाहीतर होतं. त्यांची मुलं "आमचे पप्पा फॅक्टरीत" असं छाती पुढे काढून सांगायची. बाबा मात्र सकाळी खडकी स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडून पिंपरीच्या पुढे जायचे. आयटीआय फिटर करून १९८८ मध्ये हेल्पर म्हणून लागले, सुपरवायझर होऊन बाहेर पडले.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती, चामड्याला हात लावणारे बाबा पहिलेच. आजी होती तोवर कामावरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. मला वाटायचं तिला वास आवडत नाही. त्या नियमाचं खरं नाव काय ते फार उशिरा कळलं. आणि मी तरी काय वेगळी होते? शाळेच्या फॉर्मवर 'फादर्स ऑक्युपेशन' असा रकाना असायचा. मी दर वर्षी 'सर्व्हिस' लिहायचे. पाचवीत एका मैत्रिणीने विचारलंच, "कसली सर्व्हिस?" मी म्हटलं, "मशिनरी." आजीने जे मराठीत केलं तेच मी इंग्रजीत केलं! बाबा फॉर्म वाचून सही करायचे. एकदाही काही बोलले नाहीत.

सेकंड इयरची गोष्ट. मटेरियल सायन्सची ओरल. सरांनी विचारलं, अ‍ॅनायसोट्रॉपी म्हणजे काय? व्याख्या घडाघडा म्हटली. "उदाहरण?" लाकूड. "दुसरं?" ...शांतता. तोंड पाडून घरी आले तर बाबांनी विचारलं ते काय असतं. मी वैतागून सांगितलं, वेगवेगळ्या दिशेला वेगवेगळे गुणधर्म. ते म्हणाले, "अगं, मग चामडं दुसरं काय आहे?"

आणि मग माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर त्यांनी एक अख्खं कातडं काढलं. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट, कमी ताणणारा. पोटाकडचा ढिला. बुटाची समोरची बाजू नेहमी चांगल्या, घट्ट भागातून कापायची आणि कमी ताणणारी दिशा टाचेकडून बोटांकडे ठेवायची. "रुंदीत जरा सैल पडलं तर पायाला बरंच. लांबीत पडलं तर बूट ढगळा झाला, माल परत." तिसरी गोष्ट, चामडं लास्टवर ताणून बसवलं की घाईने उतरवायचं नाही, नाहीतर ते परत जुन्या आकाराकडे पळतं. आम्हाला हे 'स्ट्रेस रिलॅक्सेशन' नावाने पुढच्या सेमिस्टरला होतं.

लास्ट म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्याच्यावर बूट घडवतात. चांभार त्याला फर्मा म्हणतात. पूर्वी लाकडी असायचे, आता प्लॅस्टिकचे. बाबांची बरीच वर्षं लास्टिंगमध्ये गेली, म्हणजे वरचं चामडं या लास्टवर ओढून तळाशी पक्कं करणाऱ्या मशिनवर. आमच्या सिलॅबसमध्ये लेथ आहे, शेपर आहे, बुटाचं मशिन कुठेच नाही. म्हणून मी स्वतः शोधलं. हे काम मशिनला जमणारच नाही असं सगळे म्हणत होते. हाताने कसलेला कारागीर दहा तासांत साधारण ५० जोड ओढायचा. मग सुरिनामहून अमेरिकेत आलेल्या यान मॅट्झेलिगर नावाच्या कृष्णवर्णीय कामगाराने मशिन बनवलं, १८८३ मध्ये पेटंट मिळवलं, आणि आकडा ७०० पर्यंत गेला. तो स्वतः ३६ व्या वर्षी क्षयाने गेला. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "इतकी वर्षं त्याच्याच मशिनवर काढली, आणि नाव आज कळतंय."

त्यांचा आवडता राग म्हणजे नंबर. मला एकदा विचारलं, सात नंबर आणि आठ नंबरमध्ये फरक किती? मी म्हटलं एक सेंटीमीटर. चूक! इंचाचा तिसरा भाग, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. का, तर इंग्लंडात तीन जवाचे दाणे म्हणजे एक इंच धरायचे, म्हणून एका नंबरला एक दाणा. "पाय आपला, दाणा त्यांचा. आपला पाय चवड्यात रुंद असतो. मग माणूस काय करतो, रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो आणि टाच घासत चालतो." आम्ही तुळशीबागेत गेलो तरी बाबा दुकानांकडे बघत नाहीत, लोकांच्या टाचांकडे बघतात. आईला याची भयंकर लाज वाटते.

२०२४ मध्ये पेपरात आलं की चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात ७९ ठिकाणी लाखभर लोकांचे पाय थ्री-डी स्कॅनरने मोजले. निष्कर्ष काय, तर भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद! आपल्या मापाच्या पद्धतीला नाव सुचवलंय 'भ'. बाबांनी ते कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तेवढंच.

शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, ग्रुप फोटो. संध्याकाळी नेहमीच्याच लोकलने आले. जेवणं झाल्यावर मला म्हणाले, "कॅल्सी काढ." ग्रॅच्युइटीचं सूत्र एका ओळीचं आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. त्यांचे पगार-भत्ता मिळून २६,००० होते, त्यामुळे २६ ला २६ गेले आणि उरलं १५,००० गुणिले ३७. पाच लाख पंचावन्न हजार. कॅल्सीची गरजच पडली नाही. ३७ वर्षांचा हिशोब आणि मला रफ पेजसुद्धा लागलं नाही, याचं मला कसंतरीच झालं. बाबा मात्र खूश. "बघ, तुझं शेवटचं वर्ष यातून निघेल." मी म्हटलं, बाबा, हे तुमचे आहेत. ते म्हणाले, "मग मी कुठे तुझे म्हटलं?" आणि उठून गेले.

त्यांच्या पिशवीत आणखी एक गोष्ट होती. प्लॅस्टिकचे आल्यावर भंगारात पडलेल्या लाकडी लास्टची एक जोडी, मध्ये बिजागरी असलेली. मॅनेजरला विचारून आणलेली. तळाशी नंबर कोरलाय, पाच. बाबांना आठ लागतो, आईला चार.

मला पाच लागतो.

वर्कशॉपचे माझे सेफ्टी शूज फर्स्ट इयरपासून करंगळीला लागतात, हे मी घरी कधी बोलले नव्हते. बहुतेक माझी टाच त्यांनी बघितली असावी. परवा त्यांनी लास्टवर करंगळीच्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवला, कानशीने घासून बसता केला, बूट आतून ओल्या फडक्याने पुसला आणि लास्ट आत घातला. पुढची स्टीलची टोपी काही ताणता येत नाही म्हणाले, तिच्या मागचं चामडं येईल. डावा झालाय. उजवा सध्या खाटेखाली आहे, गुरुवारच्या प्रॅक्टिकलपर्यंत हात लावायचा नाही अशी ऑर्डर आहे.