शेवंती, गलांडा आणि सूनबाईंचा जरबेरा



आमच्या अंगणाच्या दक्षिण बाजूला सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत कडक ऊन असतं. तिथं डेझीसारखी फुलं हवीत, आणि दर हंगामाला नवी रोपं लावायला नकोत, असं घरात ठरलं. दरवर्षी वाफा खणायचा म्हणजे मातीतल्या किती जीवांना धक्का! शिवाय माझे गुडघेही आता तक्रार करतात.

सूनबाईंना मोबाईलवर पाहिलेली पांढरी शास्ता डेझी हवी होती. अमेरिकेत ल्यूथर बरबँक यांनी ती तयार केली, १९०१ मध्ये लोकांपुढे आणली. पण ती थंड हवेतली. आपला एप्रिल-मे तिला कुठला सोसायला? ते नाव तिथंच खोडलं.

मग जरबेरा. दिसायला देखणा, वर्षानुवर्षं टिकणारा. त्याचा गड्डा मातीत दाबला की कुजतो, तो थोडा वरच ठेवावा लागतो, एवढं जमलं असतं. पण फुलकिडे आणि कोळी त्यावर फार. नर्सरीवाले दादा म्हणाले, "काकू, दर आठ-दहा दिवसांनी फवारा मारा." मी बी.कॉम. बाई, लगेच मनात खतावणी मांडली. जमेला चार फुलं आणि नावे किती जीव? सूनबाई थोड्या हिरमुसल्या. "आई, फुलं दिसायलाही हवीत ना!" त्यांचंही खोटं नाही.

शेवटी आपली शेवंतीच आणली. फुलून झाली की झाड छाटायचं, बुडातून काश्या फुटतात, त्याच वेगळ्या करून एप्रिलमध्ये लावायच्या. शेंडे आषाढ लागण्याआधी खुडले की फुटवे भरपूर येतात. चातुर्मासात आमच्याकडे माती उकरत नाहीत, तेव्हा हे वेळापत्रक छान बसतं. एक मात्र सांगते, ओट्यावरचा दिवा रात्रभर जळत असेल तर शेवंती त्याच्या उजेडात ठेवू नका. रात्र मोठी झाल्याशिवाय ती कळ्या धरत नाही!

मावा शेवंतीवरही पडतो. फवारा नाही म्हटल्यावर मी ते शेंडे खुडून कुंपणाजवळच्या गवतात ठेवते. एखादं झाड त्यात जातंही, तेवढी तूट मी धरूनच चालते.

कडेला गलांडा लावलाय, लाल-पिवळा. तो बहुवर्षायू नाही, पण बी पडून आपोआप उगवतो, ऊन खातो आणि पाणी कमी मागतो. वेडेलिया मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. पेरापेराला मुळं फुटतात आणि अंगण गिळून टाकते.

परवा नातवाला गलांड्याचं गळलेलं फूल भिंगाखाली दाखवलं. आपण पाकळी म्हणतो ते एकेक फूलच, आणि मधल्या चकतीत आणखी कितीतरी. तो मोजत बसला आणि सूनबाईही वाकून बघू लागल्या. शेवंतीला अजून कळी नाही, पण पांढऱ्या शेवंतीच्या दोन कुंड्या त्यांनी स्वतःच खिडकीखाली हलवल्यात.