दोन बाण

मराठी आणि इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेचा धनुष्यबाणाशी संबंध यावयाचा, तो रामायण-महाभारताच्या पानांपुरताच. परंतु तीन वर्षांपूर्वी शाळेत बांबूची सहा धनुष्ये आली आणि नेमकी त्याच सुमारास क्रीडाशिक्षकांची जागा रिकामी झाली. “तुम्ही एकलव्याची गोष्ट इतकी रंगवून सांगता, तेव्हा हेही तुम्हीच पाहा,” असे मुख्याध्यापक हसत म्हणाले आणि दहा दिवसांच्या एका शिबिराला माझी रवानगी झाली. बोटांना आलेले फोड आणि वहीत पंधरा पाने टिपणे, एवढी पुंजी घेऊन मी परतले. त्या पुंजीतले जे देण्यासारखे होते ते मी मुलांना दिले. पण एका मुलाने मला जे दिले, ते माझ्या वहीत नव्हते. ते सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धेला ‘इंडियन राउंड’ म्हणतात. तीत ३० आणि ५० मीटर अशा दोन अंतरांवरून बाण मारावयाचे असतात, आणि धनुष्यावर नेम धरण्याचे कोणतेही साधन नसते. परदेशात शिकारीसाठी वापरतात ते चाकांचे ‘कंपाउंड’ धनुष्य निराळे. अमेरिकेतील होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. त्याच्या दोरीत पुष्कळदा बारीक छिद्राची एक कडी गुंफलेली असते. तिला ‘पीप साइट’ म्हणतात. धनुर्धर त्या छिद्रातून पुढच्या खुणेकडे आणि खुणेवरून लक्ष्याकडे पाहतो. बंदुकीच्या नळीवर मागे खाच आणि पुढे माशी असते, तसाच हा प्रकार. दोन बिंदू ठरले की रेषा ठरते, हे भूमितीत आपण शिकलोच आहोत. मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला त्या इवल्याशा छिद्रातून पुरेसा उजेड येत नाही, आणि शिकार तर बहुधा त्याच वेळी बाहेर पडते. म्हणून तिकडचे काही शिकारी ती कडी काढूनच टाकतात. ऑलिंपिकमधील धनुष्याला पुढे खूण असते, पण दोरीत कडी लावण्याची परवानगी तेथेही नाही.

मग कडीवाचून मागचा बिंदू आणावयाचा कोठून? तो आपल्याच चेहऱ्यावर ठरवावयाचा, हे शिबिरात शिकलेले पहिले सूत्र. ओढलेली दोरी चेहऱ्यावर जेथे येऊन थांबते त्या जागेला प्रशिक्षक ‘अँकर’ म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. नदीकाठी वाढलेल्या मला तो शब्द फार आवडला. होडी नांगरली नसेल तर वल्ही कितीही चांगली असून काय उपयोग? दोरी पूर्ण ओढल्यावर तर्जनी जबड्याच्या हाडाखाली टेकली पाहिजे, दोरीचा स्पर्श हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला झाला पाहिजे, आणि दातांवर दात बसलेले असले पाहिजेत. तोंड उघडले की जबडा खाली येतो, आणि त्याच्याबरोबर नांगरही सरकतो.

सरकला तर किती बिघडते? हिशेब सोपा आहे. बाण ७० सेंटीमीटर लांबीचा धरा. त्याचे पुढचे टोक जागच्या जागी राहून मागचे टोक केवळ अर्धा सेंटीमीटर हलले, तर ३० मीटरवर त्याची दिशा सुमारे २१ सेंटीमीटर चुकते. गव्हाच्या दाण्याएवढी चूक हनुवटीपाशी होते आणि लक्ष्यापाशी ती वितीएवढी होते.

दुसरे सूत्र दोरीचे. ती डोळ्याच्या इतकी जवळ असते की तिची नुसती धूसर रेघ दिसते. ती रेघ दर वेळी धनुष्याच्या त्याच कडेशी दिसू लागली की डावे-उजवे साधले. तिसरे सूत्र बाणाच्या टोकाचे. बाण डोळ्याच्या खालून सुटतो आणि कमानीसारखा उडतो. त्यामुळे असे एकच अंतर असते, जेथे टोक लक्ष्यावर धरले की बाण लक्ष्यावर लागतो. त्याहून जवळ असाल तर टोक लक्ष्याच्या खाली धरावयाचे, दूर असाल तर वर. हे अंतर प्रत्येकाचे वेगळे असते आणि ज्याचे त्याने शोधावयाचे असते. एके काळी रानात शिकारीला वापरले जाणारे हे धनुष्य असेच, शरीरात मुरलेल्या सवयीवर चालत आले आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि बाण गवताच्या गादीकडे वळले. उदयपूर जिल्ह्याच्या रानात बांबूच्या धनुष्यावर हात बसविलेले लिंबा राम १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळले.

आता त्या मुलाकडे वळते. तो नववीत होता. अबोल, सडपातळ, अक्षर सुरेख. त्याचे सगळे बाण लक्ष्याच्या डाव्या बाजूला जात. एखाददुसरा नव्हे, सगळेच, आणि तेही पसाभर जागेत एकमेकांना खेटून. मी त्याला हजार वेळा “नीट बघ” म्हणून सांगितले असेल. तो मान डोलवी आणि पुढचा बाण पुन्हा तेथेच रोवी.

एके दिवशी मी मुलांना द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. झाडावर ठेवलेला कृत्रिम पक्षी, ‘तुला काय दिसते?’ हा प्रश्न, झाड दिसते, भाऊ दिसतात, आपण दिसता असे सांगणारे राजपुत्र, आणि केवळ पक्ष्याचे मस्तक पाहणारा अर्जुन. मग प्रत्येकाला धनुष्य ओढावयास लावून मीही तोच प्रश्न केला. गोष्ट ठाऊक झालेली! सर्वांनी एकच उत्तर दिले: “पिवळा ठिपका, बाई.” ह्या मुलाची पाळी आली. तो क्षणभर थांबला आणि घरच्या भाषेत म्हणाला, “बाई, म्हाका दोन बाण दिसतात.”

मुले खो खो हसली. काही उत्तराला हसली, काही शाळेत अवचित निघालेल्या कोंकणीला हसली. माझ्याही घरी कोंकणीच बोलतात. मन अगदी खरे बोलू लागले की ते घरच्या भाषेत बोलते, हे मला कळावयास हवे होते. पण त्या दिवशी मी द्रोणाचार्यांच्या आसनावर बसले होते. “तुझे लक्षच नाही. बाजूला हो, आणि उद्यापासून बाण गोळा कर,” असे मी म्हणाले. त्याने दोरी हळूच सैल केली आणि धनुष्य भिंतीला टेकवून ठेवले.

दोन आठवडे तो काजूच्या झाडांखालून इतरांचे बाण वेचून आणीत होता. एकदाही त्याने कुरकुर केली नाही. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्याचा विषय निघाला, तेव्हा विज्ञानाच्या बाई सहज म्हणाल्या, “हा मुलगा लिहितो उजव्या हाताने, पण सूक्ष्मदर्शकाला नेहमी डावा डोळा लावतो.” माझ्या टिपणवहीत त्याविषयी दोन ओळी होत्या. इतके दिवस मी त्या ओलांडून जात होते.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. एक बोट डोळ्यांसमोर उभे धरा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या झाडाकडे पाहा. बोटे दोन दिसतील. आता बोटाकडे पाहा. झाडे दोन दिसतील. म्हणजे ज्याला दोन बाण दिसत होते, त्याची दृष्टी बाणावर नव्हे, लक्ष्यावरच खिळलेली होती! साऱ्या संघात त्या दिवशी त्याने मला खरेखुरे काय दिसते ते सांगितले, आणि नेमक्या त्यालाच मी लक्ष नसल्याचा दोष दिला.

दुसरा प्रयोग असा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवा, तीतून दूरचा एखादा खांब पाहा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने पाहिले असता खांब फटीतच राहतो, तो तुमचा बळकट डोळा. ह्या मुलाचा बळकट डोळा डावा निघाला. बाण उजव्या डोळ्याखाली असताना डावा डोळा त्याला लक्ष्याच्या उजवीकडे दाखवी. तो बिचारा ते सुधारण्यासाठी धनुष्य डावीकडे नेई, आणि बाण डावीकडे लागत. दोरीत कडी असती तर एकाच डोळ्याने पाहणे भाग पडले असते आणि हे कदाचित लपून गेले असते. उघड्या धनुष्यावर मात्र ज्याचा डोळा त्याच्याच पदरी येतो.

दुसऱ्या दिवशी भिंगे नसलेल्या जुन्या चष्म्याच्या डाव्या बाजूला मी काळा कागद चिकटविला आणि तो त्याच्या डोळ्यांवर ठेवला. सहा बाणांपैकी चार पिवळ्यात लागले. मग मला त्या पसाभर जागेतल्या जुन्या बाणांची आठवण झाली. नांगर पक्का असल्याखेरीज बाण असे एकमेकांना खेटून लागत नाहीत. त्याची साधना उत्तम आहे, हे गादी मला रोज सांगत होती. मी केवळ मधला ठिपका पाहत होते.

मी सर्व मुलांदेखत त्याची क्षमा मागितली. तो लाजला आणि म्हणाला, “बाई, आता एकच बाण दिसतो, पण दुसरा कुठे गेला?” पुन्हा मुले हसली, ह्या वेळी तोही हसला. पुढे त्याने डाव्या हाताने दोरी ओढावयाचा सराव केला, म्हणजे कागदाची गरज उरली नाही. पहिले दोन महिने त्याचे बाण रानोमाळ गेले. नव्या बाजूला नवा नांगर बसावयाचा होता. त्या वर्षीच्या तालुका स्पर्धेत त्याचा सहावा क्रमांक आला. पदक मिळाले नाही, पण घरी जाताना बसमध्ये त्याने आपले धनुष्य दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही.

द्रोणाचार्यांची गोष्ट मी अजूनही शिकविते. पण आता अर्जुनापाशी थांबत नाही. झाड दिसते, भाऊ दिसतात, आपणही दिसता, असे ज्यांनी सांगितले ते राजपुत्र खोटे बोलले नव्हते, हे मुलांना सांगते. आणि वर्गात एखाद्याचे उत्तर अगदी विचित्र आले, की ‘बाजूला हो’ म्हणण्यापूर्वी त्याला विचारते, “असे कसे दिसते, ते मला जरा दाखव पाहू.”