घाम कीं पाझर?

आमच्या शाळेच्या बालवर्गाची खोली जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. जोतें जांभ्या दगडाचें, जमीन सिमेंटच्या कोब्याची. आणि लहानग्यांचे गुडघे खरचटूं नयेत म्हणून तिजवर व्हिनाइलची चटई चिकटविलेली. यंदाच्या जून महिन्यांत ही चटई रोज सकाळीं ओली सांपडूं लागली. एक मुलगी घसरून पडली, तिचा हात मोडतां मोडतां वांचला, आणि साहजिकच दोष कोणाचा हा प्रश्न निघाला. खोली पुसणाऱ्या मावशी फडकें नीट पिळीत नाहींत, असें एकानें म्हटलें व दहांनीं मानलें. त्यांच्या पगारांतून कांहीं कापावें येथवर गोष्ट गेली. मावशींचें म्हणणें एवढेंच होतें, "सर, मी पुसायच्या आधींच ती ओली असते." तें खरें कीं खोटें हें पाहण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें व इयत्ता नववीच्या मुलांस हाताशीं धरलें.

शनिवारीं खोली पुसूं दिली नाहीं. कुलूप लावून किल्ली आमच्यापाशीं ठेविली. रविवारीं रात्रीं सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आंकडा लिहून घेतला. सोमवारीं सकाळीं आंकडा तेवढाच होता, आणि दार उघडून चटईवर बोट ओढतांच ओली रेघ उठली. तेव्हां हें सांडलेलें पाणी नव्हे व फुटलेल्या नळाचेंही नव्हे. मावशींचा शब्द खरा ठरला, आणि आमच्या मतें या साऱ्या खटाटोपाचें मोल तेथेंच वसूल झालें.

आतां पाणी एक तर हवेंतून जमत असावें, नाहीं तर जमिनींतून पाझरत असावें. हवेंत वाफ असतेच. ऊन हवेंत ती पुष्कळ मावते, थंड हवेंत थोडी. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ राहूं शकते, २० अंशांच्या हवेंत सुमारें १७ ग्रॅमच. म्हणून दमट हवा थंड पृष्ठभागास लागली म्हणजे जास्तीची वाफ तेथें पाणी होऊन बसते. दंव आकाशांतून पडतें अशी समजूत फार काळ होती. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्यानें १८१४ सालीं दंवावरील आपला निबंध प्रसिद्ध करून खरें कारण नीट मांडलें. मुलांनीं प्रयोगशाळेंतील कोरडा व ओला असे दोन तापमापक खोलींत टांगले. कोरडा २९ अंश, ओला २७. म्हणजे आर्द्रता सुमारें ८६ टक्के व दवबिंदु २६ अंशांच्या थोडा वर. चटईवर टेकवून कापसानें झांकलेला तिसरा तापमापक २५.५ अंशांवर थांबला. जमीन दवबिंदूहून थंड. मग तिला घाम न येईल तर काय? शेणानें सारवलेली जमीन असा घाम मुकाट्यानें पिऊन टाकते. व्हिनाइल थेंबही पीत नाहीं, म्हणून तो डोळ्यांस दिसतो.

येथेंच थांबावें असें कांहीं मुलांस वाटलें. पण शास्ते या पुस्तकांतील गिदोनाची गोष्ट आम्हीं त्यांस आठवून दिली. खळ्यांत ठेवलेली लोकर एका रात्रीं दंवानें भिजली व भोंवतालची जमीन कोरडी राहिली. तेवढ्यावर समाधान न मानतां त्यानें दुसऱ्या रात्रीं नेमकें उलट मागितलें. गिदोनास पदार्थविज्ञान शिकावयाचें नव्हतें हें आम्ही जाणतों. तरी त्याची रीत अशा परीक्षेच्या कामीं चांगली आहे.

बागेकडील कोपऱ्यांत चटईचा कांठ उचलला होता व तेथें कुबट वास येई. तेवढी चटई सोडविली. खालचा चिकट थर पांढरट व लिबलिबीत झालेला. कोब्यावर दीड फूट लांब व तितकाच रुंद असा स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारी कडा चिकटपट्टीनें बंद केल्या आणि दुसऱ्या दिवशीं पाहिलें. प्लास्टिकच्या पोटाशीं थेंब जमले होते, कोबा काळवंडला होता. खोलीच्या मध्यभागीं चटईचा जोड उकलून हेंच केलें, तेव्हां प्लास्टिक वरून ओलें, खालून कोरडें. एकाच जमिनीस दोन रोग होते.

बाहेर जाऊन पाहतां कोपऱ्याचें कारण सांपडण्यास पांच मिनिटें लागलीं नाहींत. भिंतीस लागून फुलझाडांचा वाफा, त्यांतील माती जोत्याच्या वर चढलेली, आणि छपराची पागोळी नेमकी त्याच वाफ्यांत पडणारी. जांभा दगड सच्छिद्र. तो पाणी पितो व हळूहळू आंत पोंचवितो. वाफा कोणी केला होता? गेल्या वर्षींच्या नववीनेंच, आणि त्याबद्दल बक्षीसही मिळविलें होतें! यंदाच्या नववीनें तो हसत हसत उकरला, व छपरास पन्हळ लावून पाणी गटाराकडे वळविण्यांत आलें.

घामावरचा उपाय पालकांच्याही उपयोगी पडेल. ओल दिसली कीं खिडक्या उघडाव्यात असें आपणांस वाटतें. पण बाहेरची हवाच ओलीचिंब असेल तर ती आंत घेतल्यानें घाम वाढतो. बालवर्गाच्या खिडक्या आतां पावसाळी दिवशीं मुलें येईपर्यंत बंद असतात, व ऊन पडून हवा कोरडी झाली म्हणजे सताड उघडतात. सकाळीं प्रथम कोरडें फडकें फिरतें. ओलें फडकें उघडीप असेल त्याच दिवशीं. फडक्यांची ही वांटणी मावशींनींच सुचविली.

कोपऱ्यांतील चटई मात्र अजून परत चिकटविलेली नाहीं. तोच प्लास्टिकचा तुकडा मुलें दर आठवड्यास कोब्यावर लावून पाहतात. गेल्या सोमवारीं त्याच्या पोटाशीं थेंब होते, पण पूर्वींपेक्षां कमी.