मोढेरा : उन्हावर चालणारे गाव

संकल्पभूमीच्या दर्शनाला बडोद्यास जाणारी आपली मंडळी बहुधा दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी धरतात. कामावर खाडा परवडत नाही, हे खरेच आहे. पण या खेपेस आम्ही आठ जणांनी एक दिवस जास्तीचा काढला आणि उत्तरेकडे मेहसाणा गाठले. त्या जिल्ह्यात वडनगरला उत्खननात सापडलेले बौद्ध विहाराचे अवशेष पाहायचे होते, ते पाहिले. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहू. आज सांगायचे आहे ते मोढेऱ्याविषयी.

मेहसाण्याहून मोढेरा पंचवीसेक किलोमीटर. बेचराजीकडे जाणारी एस.टी. तिथे उतरवते. दोन्ही बाजूंना एरंडी आणि कापूस, मधूनच एखादी म्हशींची रांग. हा मुलूख एकेकाळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानातला. याच संस्थानाने १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, आणि याच संस्थानाच्या राजधानीत १९१७ साली त्यांना डोक्यावर छप्पर मिळाले नाही. मोढेऱ्यात आम्ही दिवसभर छपरेच पाहत हिंडलो, म्हणून ही आठवण वारंवार होत राहिली.

गाव प्रसिद्ध आहे ते पुष्पावती नदीकाठच्या सूर्यमंदिरासाठी. सोळंकी राजा पहिला भीम याच्या काळात, १०२६-२७ च्या सुमारास ते उभे राहिले. पुढे मोठे पायऱ्यांचे कुंड, त्याच्या पायऱ्यांवर १०८ छोटी देवळे, मागे ५२ खांबांचा सभामंडप. पूजा होत नाही, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. कारागिरी अशी की आमच्यासोबतचे मिस्त्रीकाम करणारे भाऊ एका खांबापाशी अर्धा तास बसून राहिले. कोणत्या हातांनी हे घडवले त्यांची नावे मात्र कुठे नाहीत.

आमच्यातल्या एका तरुणाला मूर्तींपेक्षा वाहनतळाचे कौतुक जास्त. तो मुंबईत दुसऱ्याच्या मालकीची रिक्षा पाळीने चालवतो. वाहनतळावर विजेच्या गाड्या चार्ज करण्याची सोय आहे, तिथे तो यंत्राभोवती फिरून फिरून पाहत होता. कारण ही वीज उन्हाची.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी मोढेरा हे देशातले चोवीस तास सौरविजेवर चालणारे पहिले गाव म्हणून जाहीर झाले. जवळच सुज्जनपुरा येथे सरकारी जमिनीवर ६ मेगावॅटचे सौर केंद्र आहे. त्याच्या जोडीला १५ मेगावॅट-तास वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या आहेत. दिवसाचे ऊन त्यांत भरून ठेवायचे आणि रात्री गावाला द्यायचे. शिवाय १३०० वर घरांच्या छपरांवर प्रत्येकी १ किलोवॅटच्या पाट्या बसवल्या आहेत. सगळा खर्च ८० कोटींच्या वर, तो केंद्र व गुजरात सरकारने निम्मा निम्मा उचलला. घरमालकाला पदरचा पैसा घालावा लागला नाही.

गावात शिरल्यावर गच्च्यांवर निळ्या पाट्या उन्हात तळपताना दिसतात. एका ओट्यावर बसलेल्या बेनने आमच्यातल्या बायकांना पाणी दिले, चहाचे विचारले आणि विजेच्या बिलाचा कागद आतून आणून दाखवला. भाषा अर्धी कळली, बिलावरचा आकडा पुरता कळला. आमच्या ताई म्हणाल्या, "एवढ्या पैशात आमच्याकडे मीटरचे भाडेसुद्धा भागत नाही."

वाचकांना वाटेल, पाट्या असल्या की झाले, गाडीही फुकट धावेल. हिशेब नीट मांडला पाहिजे. १ किलोवॅटच्या पाट्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४ युनिट वीज देतात, पावसाळ्यात कमी. दोन पंखे, तीन दिवे, टी.व्ही. आणि लहान फ्रिज यांत तीनेक युनिट सहज जातात. उरले एक. विजेवरची स्कूटर एका युनिटात ३० किलोमीटरच्या आसपास जाते. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या गाडीला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल लागते. म्हणजे शेतावर, शाळेत, दूध डेअरीवर जाणाऱ्या घराची एक स्कूटर एवढ्या छपरावर निघते. चार्जिंगला वेगळे यंत्रही लागत नाही, घरातला तीन पिनांचा सॉकेट पुरतो. अर्थिंग मात्र चांगले हवे. ते आपल्या वस्त्यांत किती ठिकाणी असते, हे वायरमनलाच विचारावे.

बॅटरी-रिक्षाची गोष्ट वेगळी. तिला रात्रीत ७-८ युनिट लागतात, म्हणजे २ किलोवॅटच्या पाट्या आणि जवळजवळ दोनशे चौरस फूट बिनसावलीचे छप्पर. आणि ऊन असते तेव्हा रिक्षा रस्त्यावर असते, घरी येते तेव्हा ऊन नसते. यावर तोड म्हणजे दोन्हीकडे मोजणारा मीटर. दिवसा तुमची वीज तारेवर जाते, रात्री तारेवरून तुम्ही घेता, बिल फरकाचे येते. पण एक गोष्ट सांगणारे सहसा सांगत नाहीत. बॅटरी नसलेली साधी पद्धत तारेवरची वीज गेली की आपोआप बंद होते, खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. म्हणजे भारनियमन असलेल्या खेड्यात डोक्यावर लख्ख ऊन असले तरी घरात पंखा फिरत नाही. मोढेऱ्याचे निभावते, कारण गावामागे सुज्जनपुऱ्याच्या त्या भल्यामोठ्या बॅटऱ्या आहेत. हे प्रत्येक गावाला कुठून येणार?

बॅटरीचे दुखणे बिहारमधल्या धरणई गावाने पाहिले आहे. जहानाबाद जिल्ह्यातल्या त्या गावात कित्येक वर्षे वीज नव्हती. २०१४ साली एका पर्यावरणवादी संस्थेने १०० किलोवॅटचे सौर केंद्र बसवले, तेव्हाच लोक म्हणत होते, आम्हाला खरी वीज द्या. पुढे स्वस्त दराची सरकारी वीज आली, काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, बदलण्याला पैसे नव्हते, आणि केंद्राच्या जागेत गुरे बांधली गेली. रिक्षाचेही तसेच. शिसे-आम्लाच्या स्वस्त बॅटऱ्या साधारण वर्ष-दीड वर्षात बदलाव्या लागतात. त्यासाठी रोज थोडे बाजूला टाकले नाहीत, तर सावकार उभाच असतो. लिथियमची बॅटरी जास्त टिकते, पण आधीच महाग.

आता छपराकडे येऊ. सुज्जनपुऱ्याची वीज गावातल्या प्रत्येक तारेत येते, गरिबाच्याही. पण बिल कमी होण्याचा फायदा ज्याचे छप्पर, ज्याच्या नावावर मीटर, त्यालाच. कौलांवर पाट्या बसवणे अवघड, पत्र्याखालची लाकडे कमजोर असतील तरी तेच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार रुपये अनुदान आहे, पण छप्पर स्वतःचे हवे आणि अनुदानावरचा खर्चही स्वतःचा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, विजेचे कामही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही आणि लोक दारिद्र्यातून सुटणार नाहीत, ही मांडणी त्यांनी १९४३ सालीच केली होती. स्वस्त वीज ज्याच्या घरावर स्लॅब आहे त्याच्यापाशी थांबली, तर त्या मांडणीचे आपण काय केले, हे विचारायला हवे.

दुपारी पिंपळाखाली डबे सोडले तेव्हा याच विषयावर बोलणे निघाले. रिक्षावाल्या तरुणाचे गाव जालना जिल्ह्यात. आईच्या नावावर घरकुल आहे, स्लॅबचे. छप्पर गावात आणि पोट मुंबईत, अशी त्याची गत. गावी जाऊन वस्ती ते तालुका अशी विजेची रिक्षा चालवली तर? कोणी म्हणाले, सवाऱ्या मिळणार नाहीत. कोणी म्हणाले, साध्या ई-रिक्षाला ताशी पंचवीसची मर्यादा, काळीपिवळीपुढे कोण बसेल? त्यावर बोलल्या त्या आमच्या मावशी. त्यांच्या थोरल्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा वस्तीत एकही गाडी नव्हती, गावातल्या जीपवाल्याने डिझेल नाही म्हणून दार लावून घेतले, आणि तिला बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागले. "पंचवीसच्या वेगाने का होईना," मावशी म्हणाल्या, "दारात गाडी उभी असती तर."

कोणी काही बोलले नाही. तरुणाने चपातीचा घास तसाच हातात धरला होता.

संध्याकाळी मंदिरावर दिव्यांचा खेळ असतो, तोही सौरविजेवर. तो पाहायला थांबलो असतो तर मेहसाण्याची गाडी चुकली असती, म्हणून निघालो. स्टेशनवर चहा घेताना त्या तरुणाने गावी धाकट्या भावाला फोन लावला. टेप घेऊन गच्चीवर जा, म्हणाला. लांबी-रुंदी लिहून पाठव, पाण्याची टाकी कुठे आहे ते लिही, मीटर आईच्याच नावावर आहे का ते बिलावर बघ. आणि मागचा लिंब दुपारी बारानंतर कुठवर सावली टाकतो, तेवढे खडूने आखून ठेव.