मंदार मुंबईला गेला तेव्हा



मागचा लेख वाचून पुण्याच्या वहिनींचा फोन आला. "भावोजी, कुळागर झालं, चतुर्थी झाली, शाळा झाली. तुमच्या त्या फुटबॉलवर कधी लिहिणार?" वहिनींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. तेव्हा त्यांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करतो. शिवाय यात थोडी माझी चूकही कबूल करायची आहे. ती बरेच दिवस राहून गेली होती.

आमचा संघ एफसी गोवा. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासूनचा. गव्यावरून नाव पडलेले 'गौर्स'. सुरुवातीला मी टीव्हीवरच बघायचो. मग नात थोडी मोठी झाली आणि तिला घेऊन फोंड्याहून मडगावला, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊ लागलो. मुलगा गाडी चालवायचा, सून डब्यात काहीतरी बांधून द्यायची, आणि आम्ही आजोबा-नात मागच्या सीटवर बसून आज कोण खेळणार यावर वाद घालायचो.

नातीचा आवडता खेळाडू मंदार राव देसाई. आपला म्हापशाचा. मूळचा पुढे खेळणारा, पण सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाने त्याला डाव्या बॅकला आणलं आणि तो तिथून पार समोरच्या गोलपर्यंत धावत सुटायचा. नातीच्या नारंगी जर्सीवर त्याचं नाव होतं. बाकी मंडळीही काय एकेक होती! स्पेनचा कोरो, ज्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन हंगाम सर्वांत जास्त गोल केले. मधल्या फळीत मोरोक्कोचा जाहू, ह्यूगो बुमूस, मागे सेनेगलचा उंचापुरा फॉल.

२०१९-२० चा हंगाम तर विचारू नका. मधेच, जानेवारीच्या अखेरीस, संघ वरच्या क्रमांकावर असताना लोबेराला काढलं. आमच्याच क्लिफर्ड मिरांडाने उरलेला भार उचलला. १९ फेब्रुवारी २०२० ला जमशेदपूरमध्ये जमशेदपूरला ५-० असं हरवून आपण साखळीत पहिले आलो. वहिनी, साखळी म्हणजे सगळ्यांशी सगळ्यांचे सामने. त्यात पहिला येणाऱ्याला त्या वर्षीपासून शील्ड मिळू लागली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश. भारतातला एकही क्लब त्याआधी तिच्या गट फेरीत खेळला नव्हता.

पुढे उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने चेन्नईत ४-१ असं हरवलं. ७ मार्चला फातोर्ड्याला परतीचा सामना. आम्ही तिघेही होतो. ४-२ जिंकलो आणि तरीही दोन्ही सामने मिळून ५-६ असे हरलो. जिंकून हरणं काय असतं ते नातीने त्या रात्री शिकून घेतलं. आठवड्याने त्याच मैदानावर अंतिम सामना झाला तो रिकाम्या खुर्च्यांसमोर. करोना आला होता.

मग घरात बसून आम्ही बातम्या वाचत राहिलो, आणि बातम्या म्हणजे एकामागून एक माणूस जाण्याच्या. कोरो गेला. लोबेरा मुंबई सिटीचा प्रशिक्षक झाला. त्याच्या मागोमाग जाहू, फॉल आणि बुमूस मुंबईला. बुमूससाठी तर मुंबईने करारात ठरलेली रक्कम मोजून दिली. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तेव्हा पैशाला तोटा नव्हता. आणि शेवटी मंदारही मुंबईला!

परदेशी खेळाडूंचं मला इतकं वाटलं नाही. पण मंदारचं लागलं. मी जेवताना मोठ्याने म्हणालो, "चार पैसे जास्त दाखवले की निघाले. गाव नाही, माती नाही, काही नाही."

ताटावरून कोणी मान वर केली नाही. कारण त्याच आठवड्यात मुलाने सांगितलं होतं की त्याला मुंबईच्या एका कंपनीत चांगली जागा मिळाली आहे, आणि सध्या घरूनच काम असलं तरी जानेवारीत सगळ्यांना तिकडे जावं लागेल. मी त्यावर 'बरं' एवढंच म्हटलं होतं. जे त्याला बोलायचं होतं ते सगळं मी मंदारला बोललो. घरातल्या प्रत्येकाला ते कळलं. मलाही कळलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. जानेवारीत ते गेले. मी फाटकापर्यंत गेलो, गाडीपर्यंत गेलो नाही. सौ. मात्र रस्त्यापर्यंत गेली.

त्या हंगामात गंमत अशी की करोनामुळे सगळी लीग गोव्यातच खेळवली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. मुंबईचा संघ पूर्ण हंगाम गोव्यात राहिला आणि माझी गोव्याची नात मुंबईत!

आपला संघ जवळजवळ नवा होता. प्रशिक्षक हुआन फेरांडो, पुढे इगोर अंगुलो. जुन्यांतला एदू बेदिया कप्तान. नव्यांनी कमाल केली, चौथे आलो आणि उपांत्य फेरीत समोर कोण, तर मुंबई! पहिला सामना ५ मार्च २०२१, फातोर्डा. २-२ बरोबरी. आपले गोल अंगुलोचा आणि आपल्या सेव्हियर गामाचा. मुंबईचे गोल बुमूसचा आणि फॉलचा. म्हणजे चारांतले दोन गोल आपण सोडलेल्या माणसांचे. नातीचा फोन, "आजोबा, मी टाळ्या वाजवल्या दोन्हीकडून. चालेल ना?" मी म्हटलं, "बघू."

८ मार्चला बांबोळीत दुसरा सामना. माझ्या घरापासून तासाभराची वाट, पण मीही टीव्हीपुढे आणि तीही टीव्हीपुढे. एकशेवीस मिनिटं गोलच नाही. टायब्रेकरच्या तोंडावर दोन्ही संघांनी गोलरक्षक बदलले. आणि अखेर मुंबईसाठी जिंकून देणारी पेनल्टी मारली ती रोलिन बोर्जिसने, तोही गोव्याचाच पोरगा. ६-५.

पाच मिनिटांनी फोन वाजला. नात रडत होती. मी विचारलं, "अगं, तुझी मुंबई जिंकली ना?" ती म्हणाली, "माझी कुठली मुंबई, आजोबा? मी इथे फक्त राहते."

मी काही बोलू शकलो नाही. मागून मुलाचा आवाज आला, "बाबांना विचार, जेवले का?"

रात्री झोप लागली नाही. आठवलं ते १९७७ साल. सत्तरीत एका वाडीवर मी पहिली ते चौथी एकटा शिकवत होतो, सहा वर्षं झाली होती. फोंड्याच्या बाजूला एका शाळेत जागा निघाली. पगार चाळीस रुपये जास्त आणि बसची सोय. मी अर्ज केला आणि गेलो. निघायच्या दिवशी गावातले एक वयस्कर गृहस्थ नारळ घेऊन आले. त्यांची दोन नातवंडं माझ्या वर्गात होती. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "मास्तर, तिथंही असंच शिकवा." एवढंच. चाळीस रुपयांबद्दल चकार शब्द नाही, मातीबद्दलही नाही. ते बसपर्यंत चालत आले होते.

आणि मी फाटकापर्यंत!

सकाळी मुलाला फोन केला. माफी वगैरे आमच्या पिढीला जमत नाही. "तिकडे पाणी चोवीस तास येतं का?" असं विचारलं. तो हसला आणि अर्धा तास बोलला.

त्या एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगचे सामने फातोर्ड्यालाच झाले. १४ एप्रिलला कतारच्या अल रय्यानशी ०-० बरोबरी, आशियाच्या त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला गुण. ज्यांनी वर्षापूर्वी हे ताट वाढून घेतलं होतं, ते कोरो, बुमूस, मंदार त्या पंक्तीला नव्हतेच. पण ज्याने सुपारीचं रोप लावलं त्याने ती सुपारी खाल्लीच पाहिजे, असं कुळागरात तरी कुठे असतं? माझ्या वाडीवरची चौथीची पोरंही पुढे दुसऱ्याच मास्तरांच्या हाताखाली पास झाली. ती माझीही होतीच ना.

त्यानंतर किती आले, किती गेले. अंगुलो २०२१ मध्ये मुंबईलाच गेला. मंदार २०२३ मध्ये ईस्ट बंगालला. ती पेनल्टी मारणारा रोलिन त्याच वर्षी आपल्याकडे आला. २०२४ मध्ये ब्रँडन फर्नांडिस मुंबईला गेला, सात हंगाम इथे काढून. या वेळी मी जेवताना काही बोललो नाही. जिथे जाईल तिथे असंच खेळो, एवढंच मनात म्हटलं.

२२ ऑक्टोबर २०२५ ला सौदीचा अल नस्र फातोर्ड्याला आला. रोनाल्डो आला नाही, पण आमची नात आली, मुंबईहून खास. आता कॉलेजात आहे. मुलानेच गाडी चालवली. आपण १-२ हरलो, पण आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा माझ्या गुडघ्यांचा विचार न करता मी उठून उभा राहिलो.

ती जुनी जर्सी आता तिला होत नाही. तरी सोबत आणली होती, मांडीवर ठेवून बसली होती. परतताना म्हणाली, "आजोबा, यावरचं मंदारचं नाव काढून ब्रायसनचं घालून घेऊ?"

मी म्हटलं, "राहू दे गं. तोही खेळलाय आपल्यासाठी. ब्रायसनची नवी घेऊ."

मुलाने आरशातून माझ्याकडे बघितलं, पण काही बोलला नाही.

असो. वहिनी, समजलं का फुटबॉल? नाही समजलं तर फोन करा. दुपारी तीननंतर करा, तोवर मी झोपलेला असतो.