आत्याचा जन्म पाझर तलावावरचा!

सापडली! आत्याची जन्मनोंद सापडली! ज्या गावात आमचं शेत नाही, सोयरीक नाही, अशा एका गावच्या ग्रामपंचायतीत. जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत 1973 च्या उन्हाळ्याचं पान. आजोबांचं नाव, आजीचं नाव, 'मुलगी', आणि पत्त्याच्या रकान्यात 'दुष्काळी काम, पाझर तलाव'. ग्रामसेवक पान उलटायला लागले तर मी त्यांचा हातच धरला. थांबा हो भाऊ, जरा बघू द्या!

जुन्या नोंदी शोधायच्या या नादाला मला लावलं चार्ली चॅप्लिननं. 1896 साली, सात वर्षांचा असताना, आई आणि भावासोबत तो लंडनमधल्या लॅम्बेथच्या वर्कहाऊसमध्ये दाखल झाला होता. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न आणि छप्पर देणारी, पण घरातल्या माणसांची ताटातूट करणारी सरकारी जागा. इंग्लंडमध्ये 1834 च्या कायद्यानंतर अशी वर्कहाऊसं ठिकठिकाणी झाली. कोण कधी आलं, कधी गेलं याच्या वह्या भरल्या गेल्या आणि आज तिथली माणसं त्या वह्यांतून आपले पणजोबा-पणजी हुडकून काढतात. वाचलं आणि झोपच उडाली. आमच्या माणसांची नावं कुठल्या वहीत असतील?

मी सरळ आजीपुढे जाऊन बसले. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होतात? आजी म्हणाली, "सांगायचं काय त्यात, माय? सगळं गावच खडी फोडाया गेल्तं." आणि मग ती बोलतच राहिली! आधी रस्त्यासाठी खडी फोडली, मग तलावाच्या कामावर चौकड्या खोदल्या. रोज जाऊन-येऊन भागेना म्हणून तिथंच पालं ठोकली. मुकादमाची हजेरी, मस्टरवर अंगठा, लेकरांना वाटलेली सुकडी, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. "नरड्याखाली उतरत नव्हती, पर ती व्हती म्हणून जगलो." आणि मग अगदी सहज, "तुही आत्या तिथंच झाली की!"

आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव गंगाखेड आहे. आम्ही सगळे आजवर तेच धरून चाललो होतो. ग्रामपंचायतीतून मी तिला फोन लावला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मला तो तलाव दाखव."

आता मला जो भेटेल त्याला हे सांगावंसं वाटतं. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. पन्नास लाख! म्हणजे मराठवाड्यात ज्याचं घर आहे त्यानं आपल्या म्हातारीला विचारून बघावं, दहांतल्या नऊ घरांत काहीतरी निघेलच असं मला वाटतं. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला, आणि 2005 च्या देशव्यापी कायद्याची मुळं तिच्यातच आहेत. शाळेत हे मी योजना म्हणून पाठ केलं होतं. त्या योजनेचा कायदा होण्याआधीच्या पालात माझी आजी बाळंत झाली, हे कुठल्या धड्यात असणार?

माझ्या मते या माणसांना 'दुष्काळग्रस्त' म्हणून मोकळं होणं अन्याय आहे. त्यांनी बांधलेले रस्ते आपण रोज तुडवतो, त्यांनी अडवलेलं पाणी विहिरींना उतरतं. वंशावळीत आजोबांच्या नावापुढे शेतकरी लिहितात, तसं आजीच्या नावापुढे 'तलाव बांधला' असं मी लिहिलंय. ठळक अक्षरात.

आणि हे इथं थांबत नाही! वंशावळीत आणखी वर गेलं की 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, आहे. त्याच्या मागे निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद. त्यावर सन फसली असतो, त्यात 590 मिळवले की इसवी सन निघतो. 1309 फसली म्हणजे 1899-1900, तो भयंकर दुष्काळ! त्या दशकात परभणी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायची ती उलट घटली. हैदराबाद संस्थानात तेव्हा खडीची कामं निघाली, आणि ज्यांच्यात काम करायचं त्राणच उरलं नव्हतं त्यांच्यासाठी शिजवलेलं अन्न देणारी गरीबखानी उघडली गेली. लॅम्बेथच्या जागेची आमच्याकडची सख्खी बहीणच ती! त्याच्या दोन-तीन वर्षं आधी मध्य प्रांतातल्या अशाच छावण्या आणि गरीबखान्यांतून पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली पुण्याकडे आणल्या आणि केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं. त्या मुलींची पतवंडं आज कुठं कुठं असतील!

आमच्या घरात म्हणतात, खापरपणजोबा 'मोठ्या दुष्काळात' गंगाखेडला आले, गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठी, राहिले. कुठून आले? कोणासोबत आले? परभणीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक जुनं घसटतं अक्षर वाचतात. येत्या सोमवारी ते माझ्यासोबत अभिलेख कक्षात यायला तयार झालेत. अर्ज लिहून ठेवलाय. आत्याही येणार म्हणतेय, पण तिची अट आहे: आधी तलाव.